दोन स्वतंत्र संदर्भ

७ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस असं धरून लिहितो. पत्र कामाचं आहे. घरगुती काही नाही, बाबांच्या लाँड्रीबद्दल नाही, मागचं काही उकरून काढायचं नाही.

ज्या कोश कार्यालयात तू मला चिकटवून दिलंस आणि मग शिक्षिका व्हायला निघून गेलीस, तिथेच मी अजून आहे. मानसशास्त्र कोशाची नवी आवृत्ती चालू आहे आणि तुझं जुनं परिशिष्ट, 'असाधारण लैंगिक आवडी', नव्याने ठरवायला समिती बसली आहे. समिती म्हणजे नवे मुख्य संपादक, एक मनोविकारतज्ज्ञ बाई (सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात) आणि टिपणं काढायला मी. यादीत काय ठेवायचं, काय गाळायचं आणि ठेवलेलं कुठल्या शीर्षकाखाली घालायचं, एवढंच काम. शीर्षकं दोन आहेत, 'निरुपद्रवी' आणि 'इतरांस धोका'. तू असतीस तर तिसरं काढलं असतंस, 'शेजाऱ्यांना सांगू नये'.

बरंचसं सोपं जातं. समोरच्याच्या मर्जीविरुद्ध जे होतं, ते धोक्यात. त्यावर कुणी वाद घालत नाही. एखाद्याला बुटांचा नाद आहे, एखादीला फुग्यांचा, त्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय? ते निरुपद्रवीत जातात, किंवा अगदीच किरकोळ असेल तर गाळले जातात. नियम तोच जुना आहे. दोन स्वतंत्र संदर्भ असल्याशिवाय नोंद ठेवायची नाही आणि हलवायचीही नाही.

पुढच्या बैठकीत 'उष्णवस्त्ररती' येणार आहे. 'नुकत्याच इस्त्री केलेल्या, अजून गरम असलेल्या कपड्याच्या स्पर्शाने व वासाने होणारी उत्तेजना. कॉलरची आतली बाजू गालाला लावण्याकडे विशेष कल.' ही तुझी नोंद. मला वाटतं ते बुजगावणं आहे.

मी कामाला लागलो तेव्हा तूच समजावलं होतंस. आपला कोश चोरून छापणारे पुष्कळ, म्हणून प्रत्येक आवृत्तीत एक नोंद मुद्दाम बनवून घालायची. चोराने ती उचलली की पकडला. बुजगावणं कुठलं हे लिहिणाऱ्याला आणि मुख्य संपादकाला ठाऊक, कागदावर कुठेही नाही. खूण एकच, खाली दिलेल्या संदर्भाची पानं उलटी, ८८ ते ८१. पहिल्या मुद्रणात तुझ्या नोंदीखाली तसंच होतं. दुसऱ्या मुद्रणात आपल्या मुद्रितशोधक बाईंना ती छपाईची चूक वाटली आणि त्यांनी पानं सरळ केली. इतक्या मन लावून काम करणाऱ्या बाईंना दोष तरी काय देणार. जुने मुख्य संपादक वारले. म्हणजे आता फक्त तू उरलीस.

एक ओळ पाठव. 'ते बुजगावणं होतं', खाली सही. जास्त काही लिहू नकोस. नोंद कशी सुचली वगैरे तर मुळीच नको, समितीला त्याच्याशी कर्तव्य नाही.

धाकटा


१९ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. पोस्टाचा दोष असेल असं धरतो, कारण दुसरं काही धरवत नाही.

बैठक झाली. तुझं बुजगावणं चोरांनी उचललं, पण पकडायला आपल्याकडे कुणी उरलं नव्हतं. आधी एका हस्तपुस्तिकेने उचललं. तिथे 'इतरांस धोका' या मथळ्याखाली जागा रिकामी दिसत होती म्हणून म्हण, की कुणाचा हात चुकला म्हण, त्यांनी ते तिथे टाकलं. मग वकिलांसाठी काढलेल्या एका मार्गदर्शिकेने हस्तपुस्तिकेवरून घेतलं. झाले दोन संदर्भ. मी म्हणालो, दुसऱ्याने पहिल्यावरूनच उतरवलेलं दिसतंय, मग स्वतंत्र कसे? मुख्य संपादक म्हणाले, "दाखवा." दाखवायला माझ्याकडे काय आहे?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला तर असा एक पेशंटही आठवतो."

आपण एखादी गोष्ट मनाने बनवावी आणि चार दिवसांनी कुणाला तरी ती आठवावी, याची मला भीती वाटते. मी मान खाली घालून टिपण काढत राहिलो. त्यांनी विचारलं, "तुम्हाला का एवढं लागलंय?" मी म्हटलं, काही नाही, नियम आहे म्हणून. त्या हसल्या. "कर नाही त्याला डर कशाला." सहज म्हणाल्या असतील. पण माझ्या पाचावर धारण बसली.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते. मंगळवारी कार्यालयात एक माणूस आला. लिफ्ट दुरुस्त करणारा, अंगावर कामाचे कपडे, पण घड्या कडक. हातात आपल्या कोशाच्या पानाची झेरॉक्स. मुख्य संपादक बाहेर गेले होते, म्हणून शिपायाने त्याला माझ्याकडे आणून बसवलं.

"हे तुम्ही लिहिता का?" त्याने विचारलं.

"मी नाही. कार्यालय लिहितं."

"मग कार्यालयाला विचारा, मी कुणाला काय केलं ते."

त्याचं आणि बायकोचं पटत नव्हतं, वेगळे झाले. त्यात तिची चूक नाही म्हणाला, माझीही नसेल. पण बऱ्या दिवसांत त्याने तिला आपली ही आवड सांगितली होती. दोघं हसले होते. मुलीच्या ताब्यावरून खटला उभा राहिला तेव्हा ती वकिलापाशी बोलून गेली. वकिलाने मार्गदर्शिका उघडली, नाव सापडलं, मथळा सापडला. आता तो सात वर्षांच्या मुलीला आठवड्यातून एकदा कोर्टातल्या एका खोलीत भेटतो. कोपऱ्यात एक कारकून बाई बसलेली असते आणि दार उघडं ठेवायचा हुकूम आहे.

"मुलगी विचारते, बाबा, दार का उघडं ठेवतात. वारा यावा म्हणून, असं सांगतो. थंडीत काय सांगू?"

मूळ नोंद आपल्या कोशातली, म्हणून न्यायाधीशांनी आपल्याकडेच अधिकृत मत मागवलंय. नव्या आवृत्तीत हे कुठल्या शीर्षकाखाली जाणार ते मुख्य संपादकांनी वीस फेब्रुवारीला कोर्टात येऊन सांगायचं. त्या दिवशी मुलीच्या ताब्याचा निकाल लागेल.

मी त्याला पाणी दिलं. ते पिऊन त्याने पेला खाली ठेवला. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळून माझ्या शर्टाकडे बघत राहिला.

"साहेब, राग मानू नका," म्हणाला, "तुमच्या घरी इस्त्री नाही का?"

त्याने नुसतं विचारलं होतं. मी जाऊन बाथरूमची कडी लावून बसलो.

उत्तर पाठव, ताई. एक ओळ.

धाकटा


२ फेब्रुवारी

ताई,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की घरगुती काही नाही. ते खोटं होतं. तुला ते वाचतानाच कळलं असेल, तू माझे निबंध तपासले आहेस.

ही नोंद कुणावरून लिहिलीस ते मला माहीत आहे. पहिलं मुद्रण आलं तेव्हा मी ते पान जिन्यात उभ्याने वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबांच्या लाँड्रीची मागची खोली, गरम गठ्ठे ठेवायचे लाकडी कप्पे, दुकान आणि खोलीमधला तो पडदा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दुकान बंद करायची पाळी माझी असायची. आजूबाजूला कुणी नसायचं. कॉलरची आतली बाजू मी गालाला लावायचो. पुढचं लिहीत नाही. मला वाटायचं की हे जगात मला एकट्याला ठाऊक आहे आणि मग ते तू छापून काढलंस, अधिकृत भाषेत, खोट्या नियतकालिकाच्या दाखल्यासकट. म्हणजे तू पडद्याआडून पाहिलं होतंस. पाहून हसली असशील. आणि संपादकांनी काहीतरी विचित्र बनवून द्या म्हटल्यावर तुला बनवायचीसुद्धा गरज पडली नाही, घरातच तयार होतं.

म्हणून मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तुला वाटत असेल की दुकान विकलं त्याचा राग. तसं वाटू दिलं, ते सोयीचं होतं. तुझ्या मुलीच्या लग्नाला मला ताप नव्हता. बाबा गेले तेव्हा मी सगळ्यांत मागे उभा राहिलो, कारण तुझ्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता.

तुझ्या भावजयीला मी काय सांगितलंय माहीत आहे? इस्त्रीच्या वाफेने मला खोकला येतो. आमच्या घरात इस्त्री नाही. लाँड्रीवाल्याचा मुलगा आणि चुरगळलेल्या शर्टात फिरतो. कार्यालयात मला चुरगळशास्त्री म्हणतात. मीही त्यांच्याबरोबर हसतो, हसणाऱ्याकडे कुणी निरखून बघत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा माझा आजवरचा संसार.

आता माझी अवस्था ऐक. तू बोलली नाहीस तर नोंद 'इतरांस धोका'मध्ये पक्की होते आणि त्या माणसाची मुलगी जाते. तू बोललीस तर डॉक्टरीणबाई पहिला प्रश्न विचारतील, हे तुम्हाला सुचलं कसं? तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणी आपली खोडी कबूल करून माझ्या वाटचा मारही तूच खाल्लास. तू सांगशील, माझ्या भावावरून. इकडे आड, तिकडे विहीर.

मलाही दोन मुलं आहेत. धाकटी अजून झोपताना माझं बोट धरते. उद्या कुणी येऊन म्हणालं, या घराचं दार उघडं ठेवा, तर मी तिला काय सांगू? रस्त्यात कुणी माझ्या मागून चालत असला तरी मी थांबून त्याला पुढे जाऊ देतो. कार्यालयात दोघं कुजबुजले की माझं नाव ऐकू येतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी चोरलंय काय, तेच मला कळत नाही. मी कुणाचं काही घेतलेलं नाही, ताई. कुणाला बोटही लावलेलं नाही. तरी रोज सकाळी उठलो की आधी घाबरतो आणि मग कशाला घाबरलो ते आठवतं.

लाज वाटते लिहायला, पण लिहितो. तू कोर्टात ये. सांग की ते बुजगावणं होतं. आणि मला वगळून सांग. कसंही कर, पण मला वगळ.

धाकटा


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र काल आलं. टपालपेटीपाशीच फोडलं. पाकीट जाड असेल, शिव्या असतील, असं वाटलं होतं. निघाला एकच कागद. तुझं वाक्य इथे उतरवतो, कारण मला ते पुन्हा लिहून बघायचंय.

'धाकट्या, तू स्वतःला फार मोठा समजतोस. तुझ्यावरून कोण लिहितंय? संपादकांना संध्याकाळपर्यंत बुजगावणं हवं होतं. मी म्हटलं, जगात एकाच माणसाला असलेली गोष्ट लिहावी, म्हणजे कुणाला लागणार नाही. ते माणूस मी. दुकान उघडायची पाळी माझी असायची, सकाळचा पहिला गठ्ठा माझ्या हातचा. कप्प्याच्या डाव्या बाजूला माझी जागा होती. तुझी कुठली?'

उजवीकडची, ताई.

त्या एका कप्प्यापाशी आपण दोघं सकाळ-संध्याकाळ उभे राहिलो आणि एकमेकांचा पत्ता नाही. तू पडद्याआडून काही पाहिलं नव्हतंस. मीच तुला तिथे उभं केलं आणि त्या माझ्या मनातल्या ताईशी इतकी वर्षं भांडलो. तुझ्या मुलीच्या लग्नातले फोटो पाठवशील का? आता मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तू पुढे लिहितेस की वीस तारखेला येशील. सांगशील की नियतकालिक नव्हतं, पेशंट नव्हता, होती ती एक बाई, जिने दोन मुलं वाढवली, शाळेत शेकड्यांनी पोरं शिकवली आणि कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही. 'तुझं नाव निघणार नाही. तू आपला घरी बस.'

खरं सांगू? वाचून आधी वाटलं, सुटलो. अगदी हात जोडून उभा राहिलो टपालपेटीपुढे. जिन्यावर बसलो आणि बराच वेळ हसत होतो. तू एकटी त्या खोलीत उभी राहून हे सगळ्यांपुढे बोलणार, हे मला तेव्हा सुचलंच नाही. असा तुझा भाऊ आहे.

ती सुटका दुपारपर्यंत टिकली. मुख्य संपादकांना मी सांगितलं की नोंद लिहिणाऱ्या बाई स्वतः येणार आहेत आणि काय बोलणार आहेत. नंतर मला कळलं की निदान एवढं तरी मी न अडखळता बोललो. ते भले गृहस्थ आहेत, चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "धाडसी बाई आहेत. पण हा एक संदर्भ झाला. समोर छापील दोन आहेत. एकीच्या सांगण्यावरून नोंद कशी हलवू? वकील म्हणेल, या बाई अपवाद आहेत."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. "त्या खटल्यातल्या माणसाखेरीज आणखी एक असता तर गोष्ट वेगळी होती," म्हणाल्या. "पण असं कोण येऊन सांगतंय?"

मी टिपण काढलं. 'आणखी एक हवा.' माझ्याच अक्षरात ते माझ्यासमोर पडून होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण ताई, हा कळसा काखेतून काढताना हात कसा कापतो ते तुला ठाऊक असेल, तू आधी काढलास.

काल संध्याकाळी तुझ्या भावजयीला सांगितलं. मुलं बाहेर खेळत होती. मी तिच्याकडे न बघता, ओट्यावरच्या डब्यांकडे बघत बोललो. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुझ्या खोकल्यावर मी औषधं आणतेय ती उगाच?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "कडू होती ना?" मी म्हटलं, फार. त्याच्यावर ती अजून काही बोललेली नाही. आज सकाळपासून घरात भांड्यांचा आवाज जरा मोठा आहे. पुढे काय होईल मला माहीत नाही. विचारायची छाती नाही.

पण संध्याकाळी मी कामावरून आल्यावर ती शेजारणीकडे गेली आणि तिची इस्त्री मागून घेऊन आली. टेबलावर जुनी चादर घातली, इस्त्री ठेवली आणि मुलांना घेऊन बाहेर निघून गेली. मी पांढरा शर्ट काढला. बाबा शिकवायचे तसा आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. हात विसरले नव्हते. खिडकी उघडी होती, समोरच्या इमारतीतून कुणी बघत असेल असं वाटून दोनदा थांबलो. कुणी नव्हतं.

भीती गेलेली नाही. नोकरीचं काय होईल, मुलांच्या शाळेत कोण काय बोलेल, डॉक्टरीणबाई पुढच्या बैठकीत माझ्याकडे कशा बघतील, सगळं डोक्यात फिरतंय. कोर्टात माझं नाव पुकारलं की पाय उचलेल याची खात्री मी तुला देऊ शकत नाही. पण आज कार्यालयातून मुख्य संपादकांना मी चिठ्ठी पाठवली आहे की दुसरा संदर्भ मिळाला, तो प्रत्यक्ष हजर राहील. पाठवून झाल्यावर परत आणायला शिपायामागे धावलो होतो, तो लिफ्टने खाली गेलेला होता.

एकाच घरातले दोघं स्वतंत्र संदर्भ धरायचे की नाही, यावर डॉक्टरीणबाई वाद घालतील. घालू देत. आपण एकमेकांवरून उतरवलेलं नाही, एवढं तर आपल्याला शपथेवर सांगता येईल.

वीस तारखेला मी कोर्टाच्या पायऱ्यांपाशी सकाळी लवकर येऊन थांबतो. माझे केस गेलेत, पोट सुटलंय, तू चटकन ओळखणार नाहीस. इस्त्रीचा शर्ट घातलेला असेन.

धाकटा